नत्थूजीनं सरळ केलेली लाइन

भैय्याजी : ते सारं ठीक आहे, वच्छलाबाई, पण 'हरकत' लिहू का 'पाठिंबा', ते पहिले सांगा. सकाळपासून त्रेचाळीस अर्ज टाइप केले मी. बोटं आता आपोआप 'मेहेरबान साहेबांचे सेवेशी' मारून राह्यले. अन् पाच वाजता रेल्वे हापिसाची खिडकी बंद होते.

वच्छलाबाई : हरकत नाई, अन् पाठिंबाबी नाई.

भैय्याजी : मंग सदर बाजारापर्यंत एवढ्या उन्हात कशाले आले? माझ्या कडुलिंबाची सावली खायले? दिल्ली-मद्रास झपाट गाडी येऊन राह्यली नागपुरात. राजधानी एक्स्प्रेसच्या वर जोर आहे म्हणते तिचा. आज एकतीस मे अठ्ठ्याहत्तर, हरकती अन् सूचनांचा शेवटला दिवस. अख्ख्या शहरानं लिहून देल्लं. तुमचा कोष्टीमोहल्लाच राह्यला.

नत्थूजी : काय काय लिहिलं जी लोकायनं?

भैय्याजी : लोकायचं तं नकाच विचारू, नत्थूजी. इतवारीचे दाणेवाले म्हणते, स्टेशन आमच्या दारात द्या. सदरचे हॉटेलवाले म्हणते, दोन मिनिटांचा थांबा मंजूर नाही, दोन मिनिटात गरम चहा साहेबांनी स्वतः पिऊन दाखवावा. संत्र्याच्या आडतवाल्यायले गाडीले संत्र्याचा रंग पायजे. टांगेवाले म्हणते, येऊ द्या, पण आमच्या घोड्यायले ती पहिले उभी असताना दाखवा, नाही तं बिचकतीन. अन् धंतोलीचे एक रिटायर साहेब आले होते, त्यायचा अर्ज तं भिंतीवर लावण्यासारखा. 'उन्हाळ्यात दुपारी दोन ते चार या वेळात नागपूरकर खिडक्यांस वाळ्याच्या ओल्या टट्ट्या लावून झोपलेले असतात, सबब सदर गाडीने शिट्टी वाजवू नये.'

नत्थूजी : हे बराबर आहे.

वच्छलाबाई : अवो, तुमी चूप बसा. तुमच्या बराबर-बराबरनंच हे सारं झालं. भैय्याजी, कबुली लिहा.

भैय्याजी : कशाची कबुली?

वच्छलाबाई : चूक झाली म्हणून.

भैय्याजी : बाई, हे रेल्वेच्या मोजणीचं हापिस आहे, पोलीस ठाणं नाई. इथं कोणी कबुली देत नाई. इथं सारे दुसऱ्याचीच चूक घेऊन येते.

वच्छलाबाई : आमी आपली घेऊन आलो. सांगा वो तुमी. उपटले तुमी, तं सांगाबी तुमीच.

नत्थूजी : सांगतो. पण मधात बोलू नको. भैय्याजी, आमच्या घरामागचं मैदान तुमाले मालूम आहे.

भैय्याजी : मालूम नसन का? त्या मैदानाचा अर्ज कोणं लिहिला? 'तीस विणकर कुटुंबे रोज सकाळी उघड्या मैदानात मागाच्या उभ्या सुताचा ताणा पसरून त्यास खळ लावितात. ताणा बांधण्यास खुंटे नसल्याने सूत मातीत लोळते, तरी पक्के खुंटे मिळावेत.' तीनदा धाडला हातमागाच्या हापिसाले. अन् दिवाळीनंतर काय झालं? अकरा खुंटे! सागवानी! कमरेएवढे! आजबी मी लोकायले सांगतो, अर्ज लिहावा तं असा लिहावा.

नत्थूजी : तेच खुंटे, जी.

भैय्याजी : काय झालं त्यायले? मोडले?

नत्थूजी : मोडतीन कसे? माल चांगला आहे. पण ते तिरपे होते.

भैय्याजी : तिरपे म्हणजे?

नत्थूजी : विहिरीपासून निघाले तं थेट मारुतीच्या पारापर्यंत, मैदानाच्या पोटातून, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात. आता आमचा ताणा बत्तीस हाताचा. तो तिरपा बांधला तं याचं टोक त्याच्या दारात अन् त्याचं टोक याच्या न्हाणीत. म्या म्हटलं, हापिसातल्या साहेब लोकायले इणकाम काय समजते? मनानं चांगले असतीन, पण डोळ्यात वाक आहे. तिरपा ताणा पाह्यला की मले जेवण नाई जात, जी. मंग आमी सात-आठ जणं लागलो, अकराही खुंटे उपटले, अन् नाल्याच्या काठानं, घरायची रांग धरून, एका सुतात ठोकून देल्ले. तांदळाच्या दाण्याएवढा फरक काढून दाखवा.

भैय्याजी : बरं केलं की! याच्यात चूक कोठी आहे?

नत्थूजी : तुमालेबी इचारलं होतं. पेढे घेऊन आलो होतो तवा.

भैय्याजी : हौ, हौ. मीच म्हटलं, तुमच्यासाठी आले, तुमाले जसे पायजे तसे लावून घ्या.

वच्छलाबाई : आमच्यासाठी नव्हते आले ते.

भैय्याजी : मंग कोणासाठी आले?

वच्छलाबाई : झपाट गाडीसाठी. लाइन कुठून जाईन हे दाखवाले रेल्वेनं गाडले होते.

भैय्याजी : काहीबी नका सांगू. माझ्या अर्जानं आले ते खुंटे!

वच्छलाबाई : तुमच्या अर्जाले उत्तर आलंच नाई, जी. आजबी नाई आलं.

भैय्याजी : पण त्यायच्यावर लाल रंगानं नंबर होते. एकाहत्तर ते एक्याऐंशी.

नत्थूजी : आमाले वाटलं, मागाचे नंबर. माझ्या वाट्याले शहात्तर आला. म्या त्याले हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला. तोच शहात्तर नंबर आज सकाळी तिकडं व्हरांड्यात नकाशावर दिसला. तवा समजलं, जी.

भैय्याजी : थांबा. मोजणीवाले मंग पुन्हा आले नाई? त्यायनं पाह्यलं नाई?

नत्थूजी : आले ना! होळीच्या मागंपुढं आले. तीन पायावरची दुर्बीण घेऊन. आमाले वाटलं, हातमागाचे तपासणीवाले. म्या सोता फितीचं टोक धरून धावलो. त्यायचा मुखिया दुर्बिणीले डोळा लावून म्हणते, क्या बात है, पुऱ्या लाइनवर इतके सीधे खुंटे कहीं नहीं मिले. माझी छाती अशी फुगली, का बंडीची गुंडी तुटली.

वच्छलाबाई : चहा पाजला त्यायले. वरून लिंबाचं लोणचं बांधून देल्लं.

भैय्याजी : अगाई गं! थांबा, मले हसू द्या. म्हणजे दिल्लीत मोठमोठे इंजिनियर बसून कागदावर रेघा मारून राह्यले, अन् इकडं आमचा नत्थूजी म्हणते, ऊं हूं, तिरपं आहे! हा हा हा! साऱ्या हिंदुस्थानची रेल्वे एका कोष्ट्यानं नीट केली!

वच्छलाबाई : हसून घ्या.

भैय्याजी : हसू नको तं का करू? बरं, आता नव्या नकाशात काय दिसते तुमच्याकडं?

नत्थूजी : जशी आमी लावली, तशीच आहे. नाल्याच्या काठानं. मैदान अख्खं सुटलं.

भैय्याजी : मंग बोंबलाले काय झालं? देवानंच तुमच्या हातून सरळ करवली! जा, घरी जा. कोणाले सांगू नका. कबुली देल्ली तं जुन्या जागेवर तिरपी येईन, मैदानाचे दोन तुकडे होतीन. बत्तीस हाताचा ताणा कुठं पसरवसान? सडकेवर? बैलं जातीन त्याच्यावरून. तीसही घरचे माग बंद पडतीन.

वच्छलाबाई : ते समजते आमाले.

भैय्याजी : सरकारी खुंटा हलवला म्हणून धरतीन, ते वेगळंच.

वच्छलाबाई : तेबी समजते.

भैय्याजी : सारं समजते, मंग आ बैल मुझे मार काहून करून राह्यल्या?

वच्छलाबाई : तुमी तो नकाशा पाह्यला का, जी?

भैय्याजी : मले कुठी फुरसत? महिना झाला, पाठ व्हरांड्याकडं अन् तोंड मशीनकडं. पहिले पेपरात आला होता तो पाह्यला. आमच्या प्रतापनगरच्या अर्धा मैल पलीकडून जाते. लेआउटवाल्यायचा पाठिंब्याचा अर्ज मीच लिहिला, साठ सह्या घेतल्या! घरवालीले सांगून ठेवलं, संध्याकाळी अंगणात खाट टाकू, चहा पिऊ, अन् गाडी पाहू.

नत्थूजी : अंगणातून नाई दिसणार, जी.

भैय्याजी : काहून?

नत्थूजी : ताण्याचं असं असते, भैय्याजी. इकडचं टोक चार हात सरकवलं, तं तिकडचं टोक कुठच्या कुठं जाते. आमच्या खुंट्यायच्या रोखानंच त्यायनं पुढं रेघ ओढली. प्रतापनगर आमच्याहून चार-पाच मैल. तिथं जाता जाता अर्ध्या मैलाचा फरक पडला.

भैय्याजी : कोणत्या बाजूनं?

वच्छलाबाई : उठा. डोळ्यानं पाहून या.

(भैय्याजी उठून हापिसाच्या व्हरांड्यात जातात.)

नत्थूजी : चष्मा तं मशीनवरच राह्यला त्यायचा.

वच्छलाबाई : दिसंल. लाल रेघ आहे, बोटाएवढी.

नत्थूजी : सकाळीच सांगाले पायजे होतं त्यायले आपण.

वच्छलाबाई : सकाळी मोहल्ल्यात परत जाऊन घरोघर कोण हिंडत होतं? तुमी तं इथं नकाशासमोरून हालत नव्हते.

नत्थूजी : तो पाह, बोट ठेवलं. काढलं. पुन्हा ठेवून राह्यला.

वच्छलाबाई : तिकडं नका पाहू वो. माणसाले आपलं घर पाहू द्या.

नत्थूजी : आला, आला. भैय्याजी, बसा. पाणी पिता?

भैय्याजी : प्लॉट नंबर त्रेसष्ट.

नत्थूजी : हौ.

भैय्याजी : सैपाकघरातून जाते, गा.

नत्थूजी : सैपाकघर अन् देवघर. बैठकीची खोली वाचते, पण तिचं का करसान?

भैय्याजी : बावीस वर्षं किरायाच्या एका खोलीत काढले आमी. पडद्याच्या इकडं सैपाक, पडद्याच्या तिकडं पाहुणे. अक्षय्यतृतीयेले वास्तू झाली. भिंतीचा चुना अजून अंगाले लागते. घरवालीनं ओट्याची उंची सोता मापून घेतली होती, म्हणे, आता वाकणार नाई मी.

वच्छलाबाई : आमी होतो ना वास्तूले. त्याच ओट्यावरून तिनं मले पोळ्या वाढल्या. यायनं तोरण बांधलं तुमच्या दाराले.

नत्थूजी : तोरण एकदम सरळ आहे, जी.

भैय्याजी : सरळचं नाव काढू नका माझ्यासमोर! बाप्पा रे बाप्पा! काय करून ठेवलं हे, नत्थूजी? थोडं तिरपं राह्यलं असतं तं तुमचं काय जात होतं? सारी दुनिया तिरपी आहे! नागपुरात एक सडक सरळ नाई! अन् तुमालेच सरळ पायजे!

नत्थूजी : बोला, जी. बोला. तुमी बोलले तं मले बरं वाटंल.

भैय्याजी : आता बोलून का फायदा? मीच म्हटलं होतं, जसे पायजे तसे लावून घ्या. मोठा अर्जवाला! आणा तो कागद इकडं. लिहितो. 'मेहेरबान साहेबांचे सेवेशी, सदर खुंटे अर्जदारांनी गैरसमजाने हलविले असल्याने लाइनची आखणी पुनश्च मूळ जागी...'

वच्छलाबाई : थांबले काहून?

भैय्याजी : मूळ जागी म्हणजे तुमच्या मैदानाच्या पोटातून.

वच्छलाबाई : हौ. लिहा.

भैय्याजी : हात नाई उठत, बाई.

वच्छलाबाई : उठवा. सव्वाचार झाले.

भैय्याजी : नाई लिहीत. तीस घरायच्या पोटापुढं माझा एक ओटा काय घेऊन बसले? आमी राहू पुन्हा किरायानं. सवय आहे आमाले. तिलेबी आहे.

वच्छलाबाई : तिले सवय आहे, ते तिले इचारलं तुमी? भैय्याजी, मी काही साधू-संत नाई. मैदान मले पायजेच आहे, खोटं काहून बोलू? त्याच मैदानावर माझे लेकरं वाढले, ताण्याखालून रांगले. पण तुमचं घर पाडून वाचलेलं मैदान नाई पायजे मले. रोज सकाळी सुताले खळ लावाले बसली का तुमच्या घरवालीचं तोंड दिसंल. मंग माझ्या हातून सूत तुटंल. साऱ्या मोहल्ल्यानं हेच ठरवलं सकाळी. दोन बुढे अडून बसले होते, त्यायले मी सरळ केलं.

भैय्याजी : साऱ्या मोहल्ल्यानं?

वच्छलाबाई : बारा वर्षं आमचे अर्ज लिहून राह्यले तुमी. राशनकार्ड, पोराची शाळा, सोसायटीचं सूत. आमी काय झाड आहोत का, काही न समजाले?

भैय्याजी : डोळ्यात कडुलिंबाचं काहीतरी पडलं माझ्या.

नत्थूजी : भैय्याजी, एक इचारू का? ही आता रागावली नाई तं.

वच्छलाबाई : इचारा.

नत्थूजी : नाल्याच्या पलीकडं काय आहे?

भैय्याजी : काय आहे? बाभळी. पडीत जागा.

नत्थूजी : माणूस नाई, घर नाई. अन् लाइन पहिले जशी होती, तशीच तिरपी, त्याच रोखानं, फक्त उचलून नाल्याच्या पलीकडं ठेवली तं? आमच्या मैदानाले हात नाई लागत. अन् रोख जुनाच राह्यला म्हणजे तिकडं प्रतापनगरलेबी धक्का नाई, पहिल्यासारखी अर्धा मैल दूरच. म्या नकाशावर सूत धरून पाह्यलं. खिशात असतेच माझ्या. मधात एक घर येत नाई. एक म्हशीचा गोठा येते, पण तो बंद आहे.

भैय्याजी : हे तुमी कधी पाह्यलं?

नत्थूजी : सकाळीच. म्हणून तं तिथून हालत नव्हतो.

भैय्याजी : मंग आतापर्यंत सांगितलं काहून नाई?

नत्थूजी : कधी सांगू? ही म्हणते चूप बसा. तुमी म्हणता हसू द्या. मंग तुमी रडाले लागले. मधात बोलणं बरं नाई दिसत.

वच्छलाबाई : माय वं! लग्नाले वीस वर्षं झाले, हा माणूस पहिले तोंड उघडन तं शपथ!

भैय्याजी : नत्थूजी! अवो, ही सूचना आहे! हरकत नाई, पाठिंबा नाई, सूचना! महिनाभरात एकानं सूचना देल्ली नाई या शहरात. साऱ्यायनं रंग अन् शिट्टीच सांगितली. सरका, मशीन इकडं घेऊ द्या. चष्मा कुठी आहे माझा?

नत्थूजी : डोक्यावर चढवला ना आता.

भैय्याजी : 'अर्जदार विनयपूर्वक निवेदन करितात की, खुंटे क्रमांक एकाहत्तर ते एक्याऐंशी हे हातमाग खात्याकडून मिळाले, असा अर्जदारांचा प्रामाणिक समज झाला. त्यामुळे...' त्यामुळे काय लिहू? त्रेचाळीस लोकायचे अर्ज धडाधड लिहिले, अन् आपल्या घराचा लिहाले बसलो तं बोटं अडकून राह्यले.

वच्छलाबाई : मी सांगते तसं लिहा. आमच्याकडून चूक झाली. लपवलं नाई.

भैय्याजी : 'चूक झाली. लपविली नाही.'

वच्छलाबाई : तिरपं दिसलं म्हणून सरळ केलं. आमचा धंदाच तो आहे.

भैय्याजी : 'सूत सरळ ठेवणे हाच अर्जदारांचा धंदा असल्याने.' वा! पुढं?

वच्छलाबाई : पुढं यायची सूचना. नीट लिहा, किती हात ते यायले इचारा. अन् भैय्याजींचं घर वाचवा म्हणून लिहा.

भैय्याजी : माझ्या घराचं नको. अर्ज मी लिहून राह्यलो, स्वार्थ दिसते. 'तीस विणकर कुटुंबांचे मैदान वाचवावे' एवढंच लिहितो.

वच्छलाबाई : मैदानाचं लिहिता तं घराचंबी लिहा. नाई तं मैदानाचं खोडा.

भैय्याजी : अरे बाप्पा, काय बाई आहे! लिहिलं. 'तसेच प्लॉट नंबर त्रेसष्ट.' झालं समाधान?

वच्छलाबाई : अन् त्या दुर्बीणवाल्यायवर काही बला नको येऊ द्या. आमचं लोणचं खाल्लं त्यायनं.

भैय्याजी : 'मोजणी करणाऱ्या इसमांचा यात दोष नाही.' लोणच्याचं नाई लिहीत.

नत्थूजी : मानतीन का जी साहेब?

भैय्याजी : काय सांगू? मानतीन, नाई मानतीन. पण ज्या माणसानं सकाळपासून संत्र्याच्या रंगाचे अर्ज वाचले, तो हे वाचून खुर्चीत उठून बसंल, एवढं लिहून देतो. चला, दहा मिनिटं राह्यले. खाली नावं. आता नीट ऐका, पहिल्या नावालेच बोलावणं येते. काही झालं तं पहिले त्यालेच धरतीन. म्हणून पहिलं नाव माझं. लावून घ्या, हे मी म्हटलं.

नत्थूजी : नाई जी. उपटले म्या. पहिलं माझं.

भैय्याजी : तुमी जेलात गेले तं माग कोण चालवंल?

नत्थूजी : तुमी गेले तं अर्ज कोण लिहीन? आमाले सोडवाले कोण येईन मंग?

वच्छलाबाई : झालं तुमचं दोघायचं? नावं सकाळीच झाले. हा घ्या कागद. तीसही घरच्या सह्या अन् अंगठे आहेत.

भैय्याजी : हा तं कोरा आहे! कोऱ्या कागदावर अंगठे? वच्छलाबाई, बारा वर्षं बोंबलून राह्यलो, कोऱ्या कागदावर अंगठा ठेवू नका म्हणून!

वच्छलाबाई : तुमच्या हाती द्यायचा होता, म्हणून ठेवला.

भैय्याजी : अन् हे मधात काय? पंधरा वर, पंधरा खाली, अन् मधात एवढी जागा मोकळी. कोणाचं घर राह्यलं?

वच्छलाबाई : तुमचं. तिथं सही करा, जी. दोन्हीकडून आमी आहोत.